बैलाच्या आडून बोलणारी

आमच्या बुढीचं, म्हणजे माझ्या बायकोचं, बोलणं मी पहिल्यांदा ऐकलं, ते ती बैलाशी बोलत होती. "काऊन रे, भात पाहून तोंड फिरवून राह्यला? माझ्या हातचं इख लागते का?" बैल मजेत तणस खात होता. भाताची थाळी माझ्यापुढं होती.

तेव्हा सगळा चांदा जिल्हाच होता, नि कुरखेड्याकडं मोटार क्वचित दिसायची. ज्याच्यापाशी मुलीच्या बापाला द्यायला काही नाही, त्यानं लग्नाआधी त्या बापाच्या घरी राबायचं. अशा पोराला लमझना म्हणत. मी तो. मला धड मिशी नव्हती. लग्न होईस्तोवर मुलीशी बोलायचं नाही, अशी रीत. म्हणून हिचं सगळं बैलाशी. मी नांगर वाकडा धरला की शिव्या बैलाला. मला ताप आला की "काढा पी रे" हेही बैलालाच. त्या घरात सगळ्यात जास्त बोलणी त्या जनावरानं खाल्ली.

तिसऱ्या साली माझं बिघडलं. खाल्लेलं पोटात ठरेना, झोप येईना. डोक्याचे केस पुंजक्यानं गळायचे. कोणाचं नाव घ्यायला गेलो की आठवायचंच नाही. सासऱ्यानं पुजाऱ्याला बोलावून कोंबडं कापवलं. कोंबडं गेलं, मी तसाच. सासरा मारकुटा नव्हता, खोटं कशाला सांगू. पण लग्नाचं विचारलं की एकच बोल, "पाहू." धान पिकलं तरी पाहू, बुडलं तरी पाहू. एक दिवस हाकलून देईल नि पोरगी दुसऱ्याला देईल, हेच भ्या डोक्यात.

माझं दुखणं पुजाऱ्याला कळलं नाही, हिला कळलं. गोठ्यात शेण काढता काढता म्हणाली, "कामानं कोणी मरत नाई रे बैला. टांगून ठेवलेला मरते."

धानाच्या रोवणीचे दिवस. बांधीतल्या चिखलात अर्ध्या गावच्या बाया वाकलेल्या, पाटील नि सासरा कडेच्या धुऱ्यावर उभे, मी बैल घेऊन चिखलणीवर. ही ताठ उभी राहिली नि बैलाला खणखणीत आवाजात म्हणाली, "तुझं बरं हाय बावा! पोळ्याले तरी तुझ्या खांद्यावरचं जू उतरते. या माणसाचं कधी उतरते, पाटलाले इचार ना!"

बाया हसून हसून चिखलात बसल्या. एकजण ओरडली, "अवो, बैल लाजला!"

पाटीलही हसला. सासऱ्याला म्हणाला, "सांगा भाऊ, कधी?"

"पाहू..."

"पाहू नाई. दिस सांगा."

सासऱ्यानं पोरीकडं पाहिलं. ती मान खाली घालेना. शेवटी म्हणाला, "दिवाळीनंतर मंडईची जत्रा झाली की दुसऱ्या दिशी."

काम तेच, चिखल तोच, सासरा तोच. पण त्या सांजेला लाखोळीच्या वरणाशी मी इतका भात खाल्ला की सासूनं गडवा आपटला. झोपलो ते दिवस चढेस्तोवर. लग्नात डोक्यावर नवे केस आले होते, उंदराच्या पिलासारखे. बाशिंग बांधता बांधता ही पहिल्यांदा माझ्याशी बोलली, "बरा दिसते."

पुढं साठ-पासष्ट वर्षं बोलतच होती. यंदा होळीच्या तोंडावर गेली. घर मुकं झालं.

परवा नात येऊन उभी राहिली. नखं खाऊन बोटं लाल. "आबाजी, ब्रह्मपुरीले कॉलेजात जाऊ का? बाबा म्हणते, तुमाले इचार."

बुढी गेल्यापासून माझा भात हीच पोरगी रांधते. मी म्हटलं, "जा. सोमवारच्या गाडीनं जा."

तिचं तोंड असं फुललं की मला हसू आलं. म्हटलं, "पण जाण्याआधी भातात पाणी किती टाकाचं, थे मले शिकवून जा."