फवारणीनंतरचा कचरू

साखरखेर्ड्याच्या शकूरभाईंची थोरली मलिहा औरंगाबादला देशोदेशींच्या कल्याणकारी व्यवस्थांवर पीएचडी करत होती. तिने देशांचे तीन गट पाडले होते. जन्मलेल्या प्रत्येकाला आधार देणारे, नोकरीत वर्गणी भरणाऱ्यालाच देणारे, आणि माणूस पुरता निराधार ठरल्यावर हात पुढे करणारे. आपला देश यात कुठे बसवायचा, हे काही केल्या जमेना. तो गुंता घेऊनच ती सुट्टीत घरी आली.

बीटी कपाशीला बोंडअळी लागत नाही, असं सगळे धरून चालले होते. त्या साली मात्र गुलाबी अळी बोंडात शिरली आणि शिवारभर फवारणीची धांदल उडाली. शकूरभाईंच्या शेतात वर्षानुवर्षं राबणारा कचरू पाठीवर पंप घेऊन डोक्याएवढ्या उंच कपाशीच्या पऱ्हाटीत दिवसभर फिरला आणि बांधावर उलट्या करत कोसळला. दवाखान्यातून जिवंत आला, पण नजर गेल्यातच जमा. माणूस आवाजावरून ओळखायचा.

मलिहाचा पाय घरात ठरेना. कचरूच्या बायकोला, कलाबाईला घेऊन ती शेतकऱ्यांच्या अपघात विम्याची चौकशी करायला तालुक्याला गेली.

"सातबारा कोणाच्या नावावर?" कारकुनाने विचारलं.

"माझ्या अब्बूंच्या."

"मग अब्बूंनी फवारलं असतं तर बसलं असतं. मजुराचं यात बसत नाही, ताई."

हे ऐकून शकूरभाई कितीतरी वेळ अंगणात येरझाऱ्या घालत राहिले. दुसऱ्या दिवसापासून त्यांनी कचरूकडे डबा धाडायला सुरुवात केली. थोड्याच दिवसांत तो भरलेला परत आला. ते तडक त्याच्या दारी गेले.

"काऊन बे, चव नाही का?"

"चव हाये, शकूरभाऊ. पन उद्या तुमचं मन फिरलं, तं म्या कोनापाशी भांडू?"

शकूरभाईंना ते लागलं. मलिहाला तर अन्न गोड लागेना. पीएचडीचे कागद तसेच टाकून, सुट्टी संपल्यावरही गावातच राहून ती कलाबाईबरोबर मजुरांच्या वस्तीत घरोघर फिरली. कोणाचे डोळे चुरचुरत होते, कोणाची कातडी सोलली होती. मजुरीने फवारणाऱ्यालाही विमा हवा, अशी मागणी दोघींनी ग्रामसभेत मांडली.

"मंग उद्या हरेक गडी आपल्यावरच केस टाकन!" एक बागायतदार ओरडला.

शकूरभाई उठले. "शेत माह्यं, अळी माह्या कपाशीची, पंप माह्या. डोये तेवढे त्याचे गेले."

ठराव झाला, वर गेला. उत्तर आलं नाही. कचरूला मात्र पुष्कळ हेलपाट्यांनंतर, पुढच्या साली कपाशी बोंडांवर आली त्या सुमारास, अपंगाची पेन्शन सुरू झाली. त्याच आठवड्यात मलिहाचं नाव ऐकून सुलतानपूरची सोजराबाई दारात येऊन उभी राहिली. तिचा नवरा फवारणी करून आल्यापासून शुद्धीवर नव्हता. मलिहाने पुढ्यातलं ताट बाजूला सारलं आणि चप्पल पायात सरकवता सरकवता विचारलं, "कुठल्या दवाखान्यात नेलंय?"