बरोबर उत्तरावर मारलेली काट

रेवा, निषाद,

रविवारी फोनवर तुमच्या होमवर्कमधलं एक उत्तर अडलं, तेव्हा निषाद म्हणाला, "आजीला विचार, आजीची केमिस्ट्री चुकत नाही." तेव्हा मी उत्तर सांगून फोन ठेवला. आज लिहिते आहे.

खूप वर्षांपूर्वी नारायणगावजवळच्या ज्युनिअर कॉलेजात मी अकरावीचे केमिस्ट्रीचे टेस्ट पेपर वाटत होते. वारूळवाडीची मनीषा पेपर घेऊन टेबलापाशी आली. सायन्सला आलेली त्यांच्या घरातली ती पहिलीच मुलगी. वडील म्हणाले होते, पहिल्या टेस्टपर्यंत बघू.

"म्याडम, हितं काट का मारली?"

प्रश्न अल्केनचा होता. अल्केन म्हणजे फक्त कार्बन आणि हायड्रोजन, सगळे एकेरी बंधांनी जोडलेले. ते सहसा कशाशी react होत नाहीत. पण उजेडात क्लोरीन दिला, तर एक हायड्रोजन सुटतो आणि त्याच्या जागी क्लोरीन बसतो. आमच्या अल्केनमध्ये चार कार्बनची साखळी होती, दुसऱ्या कार्बनवर पाचव्याचा फाटा. क्लोरीन बसून किती वेगळ्या रचना होतील? माझ्या जुन्या नोट्समध्ये पाच लिहिलं होतं. मनीषाने चार काढल्या होत्या.

"कार्बन पाच, म्हणजे जागा पाच," मी म्हणाले.

"पण फाट्याचा आन् त्याच्याजवळच्या टोकाचा कार्बन सारखेच हायेत. मी घरी हिरव्या टोमॅटोंना काड्या टोचून बघितलं. फिरवलं की एकाच्या जागी दुसरा येतो."

मागून कोणीतरी म्हणालं, "मग भाजी कर की त्याची." वर्ग हसला.

"केमिस्ट्री वहीत करायची, स्वयंपाकघरात नाही," मी म्हणाले. वर्ग पुन्हा हसला.

स्टाफरूममध्ये मी रेणूंच्या मॉडेलचा डबा काढला. दोन मिनिटांत कळलं. चारच.

दुसऱ्या दिवशी वर्गात सांगायचं ठरवलं. मनीषा आली नाही, म्हणून मीही सांगितलं नाही. चौथ्या दिवशी ती वडिलांबरोबर आली. हातात आर्ट्‌सला जाण्याचा फॉर्म.

"पोरगी म्हणती, केमिस्ट्री नाय जमत. तुमीच सांगा म्याडम, हाय का तिच्यात काय?"

शेजारी प्रिन्सिपॉल बसले होते. मनीषा फरशीकडे बघत होती.

"तिची इच्छा असेल तसं करा," मी म्हणाले आणि सही केली.

आता तिची रोपांची नर्सरी आहे, बरी चालते. मागच्या वर्षी तिथे जाऊन मी सगळं सांगितलं. ट्रेमधलं तण उपटता उपटता ती म्हणाली, "चारच व्हत्या, मला ठाऊक व्हतं. पण त्या दिवशी बाबांना तुमी सांगायला पायजे व्हतं."

मग तिने चहा मागवला.

पेपर तपासताना चूक होते. ती कबूल करायला एक तास पुरतो, मात्र तो त्याच वर्गातला असावा लागतो.

माझ्या नोट्सच्या वहीत मी पाचाचं चार केलं आहे. त्याआधी निघालेल्या झेरॉक्स मुलं अजून वापरतात. त्यांत पाचच आहे.