खुनी जाहीर करणारं गाऱ्हाणं

आमच्या गावच्या वाचनालयात वाचायला कुणी येत नसे. पेपर चाळायला दोघे-तिघे यायचे आणि उन्हाळ्यात पंख्याखाली बसायला आणखी काही. मी तिथली ग्रंथपाल, म्हणजे झाडूही माझाच आणि शिक्काही माझाच. खोली ग्रामपंचायतीची. किनाऱ्यावर स्कूबा डायव्हिंगचा धंदा फोफावल्यापासून सरपंचांचा तिच्यावर डोळा होता. "बाय, लोक येनत नाय, तर पुढच्या ग्रामसभेत खोली स्कूबावाल्यांका देवन टाकतलंव," असं त्यांनी मला तोंडावर सांगितलं. त्या रात्री मला जेवण गेलं नाही.

शहरातली एक संस्था वाचनालयांना रहस्यकथांची पुस्तकं घ्यायला अनुदान देते असं कळलं, तेव्हा मी लगेच अर्ज ठोकून दिला. शेजारच्या घरात पाहुणा कोण आला, कधी गेला, जाताना पिशवीत काय घेऊन गेला, याचा छडा लावण्यात आमच्या गावाचा हात कुणी धरणार नाही. अशा माणसांना कविता देऊन काय उपयोग? खूनच द्यायला हवेत. अनुदान मंजूर झालं, खोके आले.

पण नव्या पुस्तकांवर पहिला हक्क वाचनालयाच्या अध्यक्षांचा. वय ऐंशीच्या पुढे. सगळं गाव त्यांना आजोबा म्हणतं आणि घाबरतं. त्यांनी वाचल्याशिवाय पुस्तक कपाटात लागत नाही, हा त्यांचाच नियम. खोके त्यांच्या घरी गेले आणि यथावकाश परत आले. एरवी त्यांनी वाचलेल्या पुस्तकाचे कोपरे दुमडलेले असायचे आणि पानांना तपकिरीचा वास यायचा. यावेळी पुस्तकं कोरी करकरीत. म्हातारा सुधारला, असं मला वाटलं.

आमच्याकडे होडी पाण्यात घालायची असो की गिरण सुरू करायची असो, नारळ ठेवून देवाला गाऱ्हाणं घातल्याशिवाय काही होत नाही. पुस्तकांनाही गाऱ्हाणं हवंच, म्हणून वाचनालयात गाव जमलं. आजोबा उभे राहिले, हात जोडले आणि आवाज लावला.

"बा देवा म्हाराजा! ह्या हिरव्या पुस्तकात डाक्टरान सख्ख्या भावाक इख घालून मारल्यान, तसलो डाक्टर आमच्या गावात येवंदे नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळे ओरडले.

"ह्या लाल पुस्तकात मोलकरणीन म्हातारेचो गळो दाबल्यान, तसली मोलकरीण कोणाच्या घरात शिरांदे नको रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!"

अनुदानाचं एकेक पुस्तक घेऊन त्यांनी एकेक खुनी देवासमोर आणि गावासमोर उभा केला. गाऱ्हाणं मध्येच तोडायची सोय नसते. मी नारळाकडे बघत आतल्या आत जळत होते. शेवटी लोकांनी प्रसादाचं खोबरं घेतलं आणि पुस्तकाला हात न लावता घरी गेले. खोली गेली, हे मी गृहीत धरून टाकलं.

"आजोबा, ह्या काय केल्यात?" मी म्हटलं.

"देवाक सगळा उलगडून सांगूक होया," ते म्हणाले आणि काठी टेकत निघून गेले.

पुढचे काही दिवस वाचनालयात फक्त पंखा फिरत होता. मग मासे विकणारी एक काकी आली. डॉक्टर पकडला कसा तेवढंच बघायचंय म्हणून तिने हिरवं पुस्तक नेलं. ते परत आणलं ते बाजारभर बोंब मारतच. "गो, डाक्टर नाय! कंपाउंडर! आजोबांनी देवाक खोटा सांगल्यानी!"

झालं. देवासमोर खोटा आळ घेतला म्हणजे केवढी गोष्ट! प्रत्येकाला आपापला आरोपी तपासायचा होता. लाल पुस्तकावरून तर दोन भावांनी एकमेकांशी बोलणं टाकलं. ग्रामसभेत सरपंच उठले ते वैतागूनच. "खोली ऱ्हवांदे थंयच. पण बाय, माका आधी सांग, मोलकरीण नाय तर कोण?"

"पुस्तक वाचा," मी म्हटलं. सरपंचांना असं बोलताना जी मजा आली, ती काय सांगू!

तशीच आजोबांकडे गेले. ते ओट्यावर एकटेच बसले होते.

"एकय खुनी बरोबर नाय तुमचो," मी म्हटलं. "वाचल्यात तरी काय?"

त्यांनी काठी बाजूला ठेवली. "चित्रा दिसतत," ते म्हणाले. "कव्हरावरची, मोठी. अक्षरा दिसनत नाय गो आता. कोणाक सांगू नको."

माझा सगळा राग ओसरला. लाल पुस्तक माझ्या पिशवीत होतं. मी ते काढलं.

"खोली ऱ्हवली?" त्यांनी विचारलं.

"ऱ्हवली."

"मगे वाच." त्यांनी तपकिरीची डबी उघडली. "पयल्या पानापास्ना. आणि खुनी कोण ता आधी सांगलंस तर बघ!"