राहनाळच्या खाडीतली तिवरं

भरदुपारी आमच्या शेडमध्ये कोल्हा शिरला तेव्हा मी घरीच होते. नव्वदच्या दशकाची सुरुवात होती ती. अब्बांची लूमची, म्हणजे यंत्रमागांची शेड धामणकर नाक्याहून राहनाळकडे जाणाऱ्या रस्त्यावर, आणि आमचं घर शेडच्या मागेच. शिफ्ट चालू असताना लूमचा खडखडाट थांबत नसे, म्हणून तो एकदम बंद झाला तशी अम्मी आणि मी बाहेर धावलो. वीज गेली नव्हती. कामगार दाराशी गोळा झाले होते आणि आत दोघं-तिघं जण सळया घेऊन एका लूमखाली मारत होते.

"पागल कुत्ता है बाजी, अंदर मत आइए," एक कामगार मला म्हणाला.

त्यांनी ते जनावर ओढून बाहेर आणलं तेव्हा ते मेलेलं होतं. शेपूट झुबकेदार, टोकाला काळं. तोंड निमुळतं. अब्बांनी वाकून पाहिलं.

"कुत्रा नाही हा. कोल्हा आहे, खाडीतला."

त्याचं पोट पाठीला लागलं होतं आणि पायांवर चिखल सुकला होता. खाडीच्या चिखलात तिवरांचं दाट रान होतं आणि त्यात कोल्हे राहतात, हे आम्हाला लहानपणापासून माहीत होतं. मगरिबच्या, दिवेलागणीच्या नमाजाच्या सुमाराला त्यांची कोल्हेकुई ऐकू यायची. पण दिवसाउजेडी, इतक्या आवाजात, इतक्या माणसांत कोल्हा आल्याचं कोणी ऐकलं नव्हतं. पिसाळला असेल, म्हणून सगळ्यांनी विषय मिटवला आणि लूम पुन्हा सुरू झाले.

पुढच्या वर्षी भूगोलाचं एम.ए. संपवून मी मुंबईत एका प्रकल्पावर कामाला लागले. उपग्रहाने घेतलेल्या चित्रांवरून खाडीकाठची तिवरं शोधायची, आणि पक्षी-प्राण्यांसाठी त्यातला कुठला भाग राखावा हे वनखात्याला सुचवायचं, असं ते काम होतं. वनखात्याकडचे नकाशे फार जुने होते. गुडघाभर चिखलात शिरून पुन्हा मोजणी करायला कोणी तयार नसे. आमच्या प्रमुख एक मॅडम होत्या, कडक पण मायाळू. पहिल्या दिवशी त्यांनी माझ्यासमोर एक भलामोठा फोटो पसरला आणि सांगितलं, "यातले रंग खरे नसतात. झाडं तांबडी दिसतात. जितकं दाट रान, तितका गडद तांबडा."

तो ठाणे-भिवंडीचा भाग होता. मी आमचं गाव शोधायला लागले. नदीवरून, रस्त्यावरून बोट फिरवत गेले तर एक राखाडी निळा डाग लागला. ती भिवंडी. ज्या गावात माझा जन्म गेला, तिथे तांबडा म्हणावा असा ठिपका नव्हता. खाली खाडीकडे मात्र, राहनाळच्या पुढे, गडद तांबडा अखंड पट्टा दिसत होता.

"हा सगळ्यात चांगला तुकडा आहे," मॅडम म्हणाल्या. "आपण हाच आधी सुचवू. तू तिथलीच आहेस ना? जाऊन बघून ये. एकटी जाऊ नकोस."

म्हणून अब्बा बरोबर आले. रविवार होता, ओहोटीची वेळ साधून आम्ही स्कूटरवरून निघालो. राहनाळच्या गोदामांपाशी मालाचे ट्रक उभे होते. पुढे कच्चा रस्ता लागला. माझ्या मांडीवर चित्रावरून उतरवलेला नकाशा होता आणि मी मागून अब्बांना रस्ता सांगत होते. बांधावर पोहोचल्यावर मी म्हणाले, "इथेच. उतरा."

अब्बांनी स्कूटर थांबवली, पण ते उतरले नाहीत. "इथे? नीट बघ, बेटा."

मी नीट पाहिलं. समोर मातीचा भराव होता, सपाट, नजर पोहोचेल तिथवर. कडेला चिखलातून तिवरांची खोडं वर आली होती, सगळी गुडघ्याच्या उंचीवर तोडलेली. एका बाजूला गोदामाचं जोतं बांधून झालं होतं. मी नकाशा फिरवून धरला, पुन्हा सरळ केला. रस्ता बरोबर होता, नाला बरोबर होता, नाल्याचं वळणसुद्धा तेच होतं. रान तेवढं नव्हतं.

अब्बा हळू आवाजात म्हणाले, "मी इथे गेल्या महिन्यात येऊन गेलोय. आपलं सूत ठेवायला हेच होऊ घातलेलं गोदाम दाखवलं मला चाचांनी. मला वाटलं, पडीकच जमीन आहे."

चाचा म्हणजे आमच्या जमातीतले एक बुजुर्ग. जमीन त्यांची होती.

तेवढ्यात नाल्याकडून खेकड्यांची टोपली घेऊन एक बाई वर आल्या. मी त्यांना विचारलं, "मावशी, इथली तिवरं कधी तोडली?"

"झाले की दोन पावसाले. आता कायपन न्हाय राह्यला हितं."

"आणि कोल्हे?"

त्यांनी टोपली खाली ठेवली. "या बांधात त्यांची बिलां व्हती. पोरां व्हती आतमंदी. वरनं डंपरनी माती टाकली. कोल्हीन दिसभर हितं उभी असायची, डंपर आला तरी हलत न्हवती. मंग ती गावात याया लागली, भर दुपारची. लोकांनी मारली. पिसाललेली न्हवती, पोरी. भुकेली व्हती."

मी अब्बांकडे पाहिलं नाही. ते माझ्याकडे पाहत नव्हते हेही मला कळत होतं. परत येताना मी त्यांच्या खांद्याला घट्ट धरून बसले होते. शेडसमोर उतरल्यावर ते एवढंच म्हणाले, "आपल्याच शेडमध्ये मेली ती."

सोमवारी मी मॅडमना सगळं सांगितलं. त्यांनी फोटो पुढे ओढून कोपऱ्यातली तारीख पाहिली. चित्र जुनं होतं. हातात तेवढंच होतं म्हणून आम्ही ते वापरत होतो आणि त्याच्यावर आज बघितल्यासारखा विश्वास ठेवत होतो. मॅडम नवीन चित्र मागवायला उठल्या.

ते यायला कित्येक महिने गेले. दोन्ही चित्रं शेजारी शेजारी ठेवली आणि मी एकेका जागेवर बोट ठेवत गेले. प्रश्न एकट्या राहनाळचा नव्हताच. खाडीच्या दोन्ही काठांनी जागोजागी तांबड्याचे लचके तोडलेले होते, आणि यातली बहुतेक जागा मी आधीच्या चित्रावरून 'दाट' म्हणून रंगवली होती.

मॅडम मला घेऊन वनखात्याच्या साहेबांकडे गेल्या. साहेबांनी दोन्ही चित्रं पाहिली, मग कपाटातून आपला नकाशा काढला. "आमच्याकडे तर हे रान अजून उभं आहे," ते म्हणाले आणि खुर्चीत मागे टेकले. दुसऱ्याच दिवशी ते जीप घेऊन आले. नाल्यापलीकडे एक तुकडा नव्या चित्रातही तांबडा होता. आम्ही गेलो तेव्हा त्याच्या कडेला कुऱ्हाडी चालूच होत्या. साहेबांनी तिथल्या तिथे काम थांबवलं. नंतर तिथे हद्दीचे दगड बसले आणि एक रखवालदार आला. भरावाची जमीन परत मिळाली नाही. तिथे गोदामं उभी राहिली, आजही आहेत.

मोहल्ल्यात या गोष्टीला भलतेच पाय फुटले. वरून कॅमेरा आपल्या गच्चीवर रोखलाय अशी आवई उठली, आणि शेजारची भाभी मला विचारायला आली की वाळत घातलेले कपडेही दिसतात का. मी नाही म्हटलं. तिला पटलं नाही.

चाचा एकदा घरी आले. चहा घेऊन अब्बांना म्हणाले, "तुमच्या मुलीने आभाळातून बघून सांगितलं म्हणे."

"आधी आभाळातून," अब्बा म्हणाले, "मग माझ्याबरोबर येऊन डोळ्यांनी बघितलं. गोदाम मला नको, चाचा."

चाचांनी कप खाली ठेवला. त्यानंतर जुम्म्याला, शुक्रवारच्या नमाजाला, मशिदीबाहेर भेट झाली तरी ते अब्बांचा सलाम घेत नसत. अब्बांना ते फार लागायचं. लहानपणी अब्बा चाचांच्याच हाताला धरून त्या मशिदीत गेले होते. तरी दर जुम्म्याला अब्बा आपणहून पुढे होऊन सलाम करत राहिले.