तीनशेला दोन दिवस कमी

इनामगावच्या दौलतवर अन्याय झाला तो गेल्या वर्षी, दिवाळीच्या आधीच्या रविवारी, दुपारी चार वाजता, जपानमधल्या एका दोन खोल्यांच्या घरात. अन्याय करणाऱ्यांत आम्हाला तिकडे पाठवणाऱ्या संस्थेचा समन्वयक होता आणि आम्ही तिघं होतो: दौंडचा सचिन, शिरूरची रूथ आणि मी. आम्ही त्याचे मित्र. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे कुणी मला साळसूद समजायला नको.

आम्ही चौघं एकाच तुकडीतून 'इंटर्न' म्हणून गेलो होतो. काम पूर्ण कामगाराचं. तक्रार करायची वेळ आली की मात्र आपण शिकाऊ. दौलत सगळ्यांत मोठा, एकोणतिशीचा, म्हणून पुण्यातल्या भाषावर्गातच त्याचा 'मामा' झाला. त्याआधी सहा वर्षं तो रांजणगावला एका कारखान्यात पत्रा दाबायच्या प्रेसवर कंत्राटी कामगार होता. दुसऱ्या पाळीचा माणूस येऊन मशीनला हात लावेपर्यंत हा जागचा हलायचा नाही. बस सुटली तरी चालेल. "माझ्यापायी कुणाचा खोळंबा नगं," हे त्याचं वाक्य. भाषावर्गात बाईंनी उत्तर विचारलं आणि आलं नाही, तरी हेच म्हणून खाली बसायचा.

त्याची एक सवय मला आधी गमतीची वाटायची. कुठल्याही कारखान्याच्या गेटातून आत गेला की माणसांच्या आधी तो फलक शोधायचा. 'अपघाताविना दिवस', आणि खाली आकडा. जपानला पोचल्यावर सचिनने ग्रुपवर डोंगराचा फोटो टाकला, रूथने झाडांचा. मामाने टाकला फलकाचा. खाली लिहिलं, "हितं बी हाय."

"मामा, तुमचं लग्न त्या बोर्डाशीच लावू आपण," सचिन म्हणाला.

"लाव की. ती तरी आकडा सांगून गप ऱ्हाती."

मग एकदा त्याने मला खरी गोष्ट सांगितली. रांजणगावच्या त्याच्या लायनीत आकडा शंभर झाला की कँटीनला सगळ्यांना गुलाबजाम. एकदा अठ्ठ्याण्णववर असताना एका ऑपरेटरचा अंगठा चेपला आणि आकडा शून्यावर आला. पुढचा सगळा आठवडा कंपनीच्या बसमध्ये त्या माणसाच्या शेजारची जागा रिकामी राहिली. माणसं उभी राहून शिरूरपर्यंत यायची, पण तिथं बसायची नाहीत.

"आन् तुम्ही?" मी विचारलं.

"मी बी न्हाई बसलो."

तर त्या रविवारच्या आदला शनिवार. आम्ही तीन गावांत विखुरलेलो, दोन-तीन महिन्यांतून एकदा माझ्या आणि रूथच्या घरी जमायचो. रूथ वृद्धाश्रमात काम करायची, मी डबाबंद जेवणाच्या कारखान्यात, मामा तिथंही प्रेसवरच. कोंबडीचा रस्सा आम्ही करायचो, बाजरीची भाकरी मामा. गावाकडून आणलेलं पीठ तो चमच्याने मोजून पुरवायचा आणि परातीला दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायचा नाही. रूथने एकदा थापायचा प्रयत्न केला तर म्हणाला, "बये, ही भाकर हाय का भारताचा नकाशा?"

त्या शनिवारी तो सकाळची जादा पाळी करून दुपारी आला. उजव्या हाताला टॉवेल गुंडाळलेला, वर मोठा हातमोजा. "खरचटलंय," म्हणाला. पिठाची पिशवी रूथच्या हातात दिली आणि म्हणाला, "आज तू थाप. मी बघतो."

तिथंच आम्हाला कळायला हवं होतं. भाकरीचा मक्ता सोडणारा मामा! पण आम्ही हसत होतो. रूथच्या भाकरीला त्याने नावं ठेवली, तो डाव्या हाताने जेवतो म्हणून आम्ही त्याला चिडवलं. त्याने सगळ्यांना हसू दिलं.

रविवारी जेवणाच्या वेळी टॉवेलमधून रक्त झिरपलं. रूथने त्याचा हात मांडीवर घेतला आणि तो नको नको म्हणत असताना टॉवेल सोडला. मधली दोन बोटं काळीनिळी, सुजून एक झालेली.

"मामा, हे खरचटलेलं न्हाई. हे दाबलं गेलंय. प्रेसमध्ये?"

"हळू बोल."

"कंपनीत सांगितलं का?"

"दोन दिस ऱ्हायल्यात तीनशेला," तो म्हणाला. "मंगळवारी सायेब येणार, सगळ्या लायनीचा फोटो काढणार. मी आडवा पडू व्हय? सुपरवायझरनं बघितलं. म्हनला, सुट्टी हाय, जाऊन ये, सोमवारी बघू."

मी भांडले. रूथ रडली. तो एकच सांगत राहिला, माझ्यापायी खोळंबा नगं. दवाखान्यात न्यायचं तर समन्वयकाला कळवावं लागायचं. कळवलं. तो चार वाजता आला, पुण्याचा, गोड बोलणारा, हातात छापील कागद. आधी कागद, मग दवाखाना.

"दौलतराव, कंपनीत झालं म्हणालात तर चौकशी लागेल, लाइन थांबेल. तुमच्या भागातलीच पुढची तुकडी यायची आहे, तीही अडकेल. मी काही शिकवत नाही. तुम्हीच सांगा, कुठं लागलं?"

मामाने आमच्याकडे बघितलं. "हितंच. कोंबडी तोडताना."

"हे तिघं होते ना समोर?"

सुरीने बोट चेपत नाही हे त्या माणसाला कळत होतं. आम्हालाही कळत होतं. सचिनने सही केली. मी केली. मामाला हवं तेच करतोय, अशी मी स्वतःची समजूत घातली. रूथ म्हणाली, "मी खोटं लिहिणार न्हाई." तेव्हा मामाच म्हणाला, "रूथबाई, कर गं. हात ठणकतोय." मग तिनेही केली.

मंगळवारी तीनशे झाले. फोटोत मामा दुसऱ्या रांगेत आहे, उजवा हात खिशात. तो हसतोय, आणि त्या हसण्याचा मला आजही राग येतो. बोटं वाकेनात. पुढच्या ऑपरेशनचा खर्च कंपनीने नाकारला, कारण दुखापत घरगुती, साक्षीदार तीन. तीन महिन्यांनी 'कामास अयोग्य' म्हणून त्याला परत पाठवलं. रांजणगावच्या गेटवर हाताची पकड तपासतात. तिथूनही तो दोनदा परत आला. तिसऱ्यांदा गेलाच नाही.

मी आणि सचिन मुदत संपवून परतलो. मी आता एका कामगार संघटनेची पत्रकं वाटते. गेल्या महिन्यात मी सगळ्यांना दौंडला सचिनच्या घरी बोलावलं. रूथ मुदत वाढवून अजून तिकडेच आहे. तिने खरं काय घडलं ते लिहून, सही करून पाठवलं होतं. माझा कागद तयार होता. प्रश्न सचिनचा होता. तो आता कुरकुंभला केमिकलमध्ये लागलाय.

"माझा परत जपानला जायचा नंबर लागलाय," तो म्हणाला. "आत्ता यात मला ओढू नको."

"तू ओढला गेलेलाच आहेस. तुझी सही पहिली आहे."

"तू पत्रकं वाटतीस, तुला काय होतंय!"

मामा मध्ये पडला. "पोरी, त्याला का आडवतीस? माझ्यापायी..."

"मामा, खोळंबा म्हणालात तर मी इथून उठून जाईन!"

सचिनच्या आईने भाकरी आणून ठेवली. मामाने ती डाव्या हाताने मोडायला घेतली, मोडेना, तशीच ताटात ठेवली. मग मला विचारलं, "म्हंजी मी खोटं बोललो, आसं लिवायचं?"

"व्हय. आणि आम्हीही."

"लिव मग," तो म्हणाला. "आन् त्या अंगठ्यावाल्याचं बी लिव. त्याच्या शेजारी मी बसलो न्हाई ते."

म्हणून लिहिलंय. मामाने डाव्या हाताने सही केली, वाकडीतिकडी. ऑपरेशनचा खर्च कंपनीने द्यावा म्हणून आमचे कागद संस्थेकडे आणि कंपनीकडे गेलेत. सचिनची जागा कोरी आहे.

सचिन, ती भर. आणि तुम्ही, जे रांजणगावला, कुरकुंभला, नाहीतर समुद्रापलीकडे पाळीला जाता: ज्या दिवशी कुणामुळे आकडा शून्यावर येईल, त्या दिवशी बसमध्ये त्याच्या शेजारी जाऊन बसा. आणि तुमच्यापुढे कुणी कागद सरकवून साक्षीदार व्हा म्हणालं, तर पेन उचलू नका. आधी टॉवेल सोडायला लावा.