बत्तीस गते

१६ जुलै, बुधवार. रक्कम पुढे कळली ती सहा हजार आठशे चाळीस पौंड. हजर आम्ही तिघं: शेजारची सरिता, तिचे वडील, आणि गाडीची डिकी उघडून उभा असलेला मी. वडिलांची बॅग डिकीत ठेवून झाली होती, संध्याकाळचं काठमांडूचं विमान होतं, आणि ते लंडनजवळच्या वॉटफर्डमधल्या आमच्या सामायिक पायरीवर छाती धरून बसले होते. बोलता येत नव्हतं. तरी गळ्यातलं प्लास्टिकचं पाकीट उचलून त्यांनी मला दाखवलं. त्यात त्यांची ट्रॅव्हल इन्शुरन्सची पॉलिसी होती.

ते पाकीट तीन महिने गळ्यात होतं. नात त्यांना हजुरबा, म्हणजे आजोबा, म्हणायची, म्हणून आम्हीही. पोखऱ्याच्या शाळेत त्यांनी जन्मभर गणित शिकवलेलं. व्हिसाच्या फायलीला वजन येतं म्हणून एजंटने पॉलिसी काढायला लावली, आणि हजुरबांनी तिची बावीसच्या बावीस पानं वाचून काढली. आमच्याकडे चहाला आले तरी पाकीट शर्टाच्या बाहेर. "ताईत आहे का हो?" बायकोने हिंदीत विचारलं. "ताइताला अपवाद नसतात, बहिनी," ते म्हणाले. "याला चौदा आहेत."

तारीख ते नेहमी दोनदा सांगत. आधी नेपाळी, तिला ते 'गते' म्हणत, मग इंग्रजी. "आज जेठ पाच गते, मे एकोणीस." कौन्सिलची निळी कचऱ्याची बिन कधी बाहेर ठेवायची, हेही मला त्यांच्याकडूनच कळायचं.

फुप्फुसात रक्ताची गुठळी निघाली. नऊ दिवस हॉस्पिटल, वरची रक्कम त्याचीच, आणि पाहुण्याचं बिल पाहुण्यानेच भरायचं. पॉलिसीवर शेवटच्या तारखेचे दोन रकाने होते. नेपाळी रकान्यात असार ३२ गते, इंग्रजी रकान्यात १५ जुलै. कंपनीने इंग्रजी रकाना धरला: पॉलिसी आदल्या दिवशीच संपली.

डॉक्टरांनी सहा आठवडे विमान बंद केलं आणि रोज चालायला सांगितलं. चालले नाहीत तर परवानगी लांबेल. पण आता त्यांना नवी पॉलिसी कोणी देईना, आणि हजुरबा वरच्या मजल्यावरच्या छोट्या बॉक्स रूममधून हलेनात. पलंग आणि कपाट यांच्यामध्ये अडीच पावलं जागा. जिना दिवसातून एकदा, तोही बसत बसत उतरायचा. "अहो, त्यांना सांगा," बायको म्हणाली, "बिन बाहेर ठेवायला इन्शुरन्स लागत नाही." मी जाऊन सांगितलं.

"डोंगरात मला कधी भीती वाटली नाही, भाइ," ते म्हणाले. "तिथे पडलो तर मी एकटा पडतो. इथे पडलो की सरिता पडते."

सरिताच्या किचनमधून मी स्पीकर लावून कंपनीच्या इथल्या ऑफिसला फोन केला. पलीकडची बाई सभ्य होती. "सर, बत्तीस तारीख कुठल्याच महिन्यात नसते. ती छपाईची चूक आहे."

वरून हजुरबा ओरडले, "फ्रिज! फ्रिजवर बघा!"

फ्रिजवर पॉलिसीबरोबर फुकट मिळालेलं नेपाळी कॅलेंडर होतं. वर त्याच कंपनीचं नाव. असारचे चौकोन मी बोट ठेवून मोजले. बत्तीस. शेवटच्या चौकोनात खाली बारीक अक्षरांत १६ जुलै. "मॅडम, चूक असेल तर तुम्हीच छापून वाटली आहे," मी म्हणालो आणि फोटो पाठवला. बराच वेळ नुसतं संगीत ऐकू आलं. मग, "मॅनेजरना विचारते."

अकरा दिवसांनी पत्र आलं. बत्तीस गते मान्य. मात्र पॉलिसी त्या मध्यरात्री संपली, म्हणून नऊपैकी एकाच दिवसाचे पैसे मिळतील. सातशे साठ. उरले सहा हजार ऐंशी. सरिताने हॉस्पिटलशी बोलून महिना एकशेनव्वदचा हप्ता ठरवला. बॉक्स रूमच्या दारात उभा राहून मी हे आकडे सांगितले. मला लपवता आले नसते. हजुरबांनी डोळे मिटून भागाकार केला, आणि त्या महिन्यात पहिल्यांदा हसले.

"बत्तीस हप्ते! त्या फोनवरच्या बाईंना कळवा, बत्तीस असतात."

दुसऱ्या दिवशी सकाळी निळी बिन ओढत ते फाटकाशी आले. उभ्याने. गळ्यात पाकीट नव्हतं.

भदौ सत्तावीस गते, बारा सप्टेंबरला, मी त्यांना विमानतळावर सोडलं. "परत या," म्हटलं. "बत्तीस पुरे होऊ देत," ते म्हणाले. त्यांच्या वयाला आणि त्या गुठळीला तेव्हा पॉलिसी कोण देणार, हे आम्हा दोघांनाही ठाऊक होतं. आता दर हप्त्याला पोखऱ्याहून त्यांचा फोन येतो आणि उरलेला आकडा ते आधी सांगतात.

कंपनीने हॉस्पिटलला सातशे साठ पौंड दिले. बाकीचे सरिता हॉस्पिटललाच भरते आहे. आठ हप्ते झाले, चोवीस राहिले.