आक्षेप: नाही

आमच्या घरी दर रविवारी सकाळी नऊ वाजता अभ्यासवर्ग भरायचा आणि त्या वर्गाला एक नियम होता. वाचलेल्या मजकुरावर कुणीतरी आक्षेप घेतल्याशिवाय चहा मिळायचा नाही. नियम अप्पांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा. ते हायस्कुलात भूगोल शिकवायचे आणि नुसत्या माना डोलावणाऱ्या माणसांचा त्यांना मनस्वी तिटकारा होता. त्यामुळं मंगळवार पेठेतल्या आमच्या सोप्यात, म्हणजे बाहेरच्या खोलीत, दहा माणसं सतरंजीवर बसून तासभर वाचन ऐकायची आणि मग एकमेकांच्या तोंडाकडं बघायची. आई आधण उकळत ठेवून स्वयंपाकघराच्या दाराशी कान देऊन उभी असायची. आक्षेप ऐकू आला की पातेल्यात पत्ती पडायची.

बहुतेक आक्षेप चहासाठीच असायचे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. इथं एकर म्हटलंय, मागं हेक्टर म्हटलं होतं. भाषांतर अवघड आहे. अमक्या शब्दाऐवजी तमका शब्द हवा होता. अप्पा तेही गंभीरपणे ऐकून घ्यायचे आणि उत्तर द्यायचे. मी वीस वर्षांची होते, इतिहास घेऊन बी.ए. करत होते आणि वर्गाचं इतिवृत्त लिहायचं काम माझ्याकडं होतं. काय वाचलं, किती पानं झाली, आक्षेप कोणता, उत्तर काय, एवढं लिहायचं. पुढच्या रविवारी ते मोठ्यानं वाचायचं, सगळ्यांनी हात वर करून मंजूर करायचं, मग पुढचं वाचन सुरू. माझं अक्षर चांगलं म्हणून ते काम मला दिलं होतं, आणि मला त्याचा तोरा होता.

वाचन वर्षानुवर्षं एकाच माणसाबद्दल चालायचं. दूरच्या एका छोट्या देशाचा नेता. मूठभर साथीदार घेऊन डोंगरातून खाली उतरला, तिथल्या हुकूमशहाला पळवून लावलं, मळेवाल्यांच्या जमिनी कसणाऱ्यांना वाटल्या, खेडोपाडी शाळा आणि दवाखाने काढले. मग खुर्चीवर बसला तो उठलाच नाही. निवडणुका घेईन म्हणाला होता, त्या घेतल्या नाहीत. यातला पहिला भाग आमच्या वर्गाला तोंडपाठ होता. दुसऱ्या भागाला अप्पा ‘परिस्थितीची गरज’ म्हणायचे आणि पान उलटायचे. त्याचा टोपी घातलेला फोटो सोप्यात समोरच्या भिंतीवर होता. आई त्याला पावणं म्हणायची. तुमच्या पावण्यांची काच पुसून घ्या, असं ती शनिवारी अप्पांना न चुकता सांगायची.

वर्गातल्या दहाजणांत एकच माणूस चहाकडं लक्ष न देता ऐकायचा. उद्यमनगरात एका कारखान्यात ते लेथवर टर्नर होते. अप्पा त्यांना मिस्त्री म्हणायचे, ते अप्पांना मास्तर, आणि मी त्यांना चाचा म्हणायची. चौथीतून शाळा सुटलेली. संपाच्या दिवसांत अप्पांशी ओळख झाली तेव्हा त्यांना सही करता यायची आणि गाडीवरची पाटी वाचता यायची, तेवढंच. पुस्तक वाचायला अप्पांनी शिकवलं, तेही त्या नेत्याच्या पिवळ्या कव्हरच्या मराठी चरित्रावरून. चाचा ते पुस्तक जेवणाच्या सुट्टीत कारखान्यात वाचायचे. त्यांच्या प्रतीच्या प्रत्येक पानावर ऑइलची बोटं उमटलेली असायची.

त्या चरित्रात नेत्याचा एक साथीदार होता. डोंगरात असताना तो अडाणी सैनिकांना अक्षरं शिकवायचा. पाटी नसायची, तर बंदुकीच्या दस्त्यावर खडूनं लिहून दाखवायचा. चाचांना अख्ख्या पुस्तकात हा माणूस सगळ्यात जास्त आवडायचा. नेत्याचं भाषण चालू असलं तरी ते मधेच विचारायचे की मास्तर, ते शिकवणारे आता कुठं हायत? अप्पा सांगायचे की येईल पुढं.

मग चरित्राची नवी आवृत्ती आली. कागद चांगला, फोटो जास्त, किंमतही परवडणारी. अप्पांनी दहा प्रती मागवल्या आणि आम्ही पहिल्या पानापासून पुन्हा वाचायला सुरुवात केली. डोंगरातलं प्रकरण संपलं. अप्पांनी पुस्तक मिटलं, आक्षेप विचारला. कुणीतरी शुद्धलेखनाचं काहीतरी काढणार होतं, तेवढ्यात चाचा बोलले. शिकवणारा माणूस या पुस्तकात नाही, असं ते म्हणाले. आधीच्या पुस्तकात त्याचं नाव कुठल्या कुठल्या पानावर होतं ते त्यांनी बोटांवर मोजत सांगितलं. आता तेच प्रसंग आहेत, तीच नदी आहे, तेच सैनिक अक्षरं शिकतायत, फक्त शिकवणारा कुणी नाही. आपोआपच शिकले म्हणायचे.

अप्पांना माहीत होतं. मला तेव्हाच कळलं की त्यांना माहीत आहे, कारण त्यांनी चष्मा काढून पुसायला घेतला. कबूल केलेल्या निवडणुका घ्या, असं त्या साथीदारानं सत्ता आल्यावर नेत्याला सांगितलं होतं आणि त्यासाठी त्याला तुरुंगात टाकलं होतं. ही बातमी इंग्रजी पेपरात केव्हाच येऊन गेली होती. अप्पा म्हणाले की याबद्दल विश्वासार्ह माहिती नाही, विरोधकांचा अपप्रचार आहे, आणि अपप्रचारावर आधारलेला आक्षेप धरता येत नाही.

चाचा आवाज न चढवता म्हणाले, “मास्तर, उत्तर नसंल तर ऱ्हाऊ द्या. आक्षेप तेवढा लिवून घ्या.”

अप्पांनी माझ्याकडं बघितलं आणि मान हलवली. लिहू नकोस, असा त्याचा अर्थ. तोवर आतून चहा आला. सगळे प्याले. मी वहीत ‘आक्षेप: नाही’ असं लिहिलं आणि खाली तारीख टाकली. नेहमीसारखं वळणदार अक्षर आलं.

पुढच्या रविवारी मी इतिवृत्त वाचलं. ‘आक्षेप: नाही’ म्हटल्यावर चाचांनी हात वर केला. मंजुरीसाठी नाही, बोलण्यासाठी.

“आक्षेप न्हवता, मग आमी च्या कसा काय प्यालो?”

इतक्या वर्षांत एकदाही आक्षेपाशिवाय चहा झाला नव्हता आणि मागच्या रविवारी दहाच्या दहा माणसांनी बशीत ओतून चहा प्यायला होता. अप्पा म्हणाले की चहा चुकून आला असेल. तेव्हा आई दारात येऊन उभी राहिली. वर्गात ती कधी बोलत नसे.

“चुकून न्हाय आला,” ती म्हणाली. “मी आक्षेप ऐकला, म्हणून पत्ती टाकली.”

अप्पांनी तिच्याकडं न बघता विचारलं, इतिवृत्त मंजूर? नऊ हात वर झाले. त्यांतले निदान चारजण चाचांबरोबर एकाच शिफ्टमध्ये कामाला जायचे. चाचा उठले, पायऱ्यांवर चपला घातल्या आणि गेले. आईनं त्या दिवसापासून वर्गाला चहा करणं बंद केलं. दोन-तीन वर्षांत वर्गही बंद पडला. अप्पा त्याचं खापर टीव्हीवर फोडायचे.

मला त्या वेळी वाईट वाटलं असं मी आज म्हणू शकते, पण ते खरं नाही. मला चाचांचा राग आला होता. एवढं काय ताणायचं, असं वाटलं होतं. पुढं मी एम.ए. झाले, गारगोटीच्या एका कॉलेजात इतिहास शिकवायला लागले. पहिल्या वर्षाच्या मुलांना मी दर जूनमध्ये सांगते की दस्तऐवज कुणी लिहिला आणि काय गाळून लिहिला, हे आधी तपासावं. हे सांगताना माझ्या आवाजात एक अधिकार येतो, असं मुलं म्हणतात.

मध्यंतरी तो नेता वारला. म्हातारा होऊन, अंथरुणात, सत्ता घरातल्याच माणसाच्या हाती देऊन. अप्पांनी दिवसभर टीव्ही बंद केला नाही. त्यांचं वय त्र्याऐंशी झालं होतं, आई जाऊन चार वर्षं झाली होती. जुन्या लोकांनी शोकसभा ठरवली, मुख्य भाषण अप्पांचं. दोन दिवस ते कागद घेऊन बसले आणि एक ओळ लिहिली नाही. तिसऱ्या दिवशी मला म्हणाले की मिस्त्रींना बोलावून आण.

मी म्हटलं, तुमचं तुम्ही जा. माझा आवाज चढला होता. सव्वीस वर्षं एकाच गावात राहायचं, भाजी मंडईत दिसले तर रस्ता बदलायचा आणि आता नेता मेल्यावर मुलीला धाडायचं. अप्पांनी ऐकून घेतलं. मग म्हणाले, “वहीत अक्षर तुझं आहे.” मी गाडी काढली आणि अप्पांनाही बरोबर घेतलं.

चाचांच्या पुतण्यानं उद्यमनगरात स्वतःचा कारखाना टाकला होता. आत संगणकावर चालणारी मशिनं, बाहेर लोखंडाच्या चुऱ्याचा ढीग आणि त्याच्या शेजारी खुर्ची टाकून चाचा बसलेले. मोतीबिंदूचं ऑपरेशन झालेलं. त्यांनी आम्हाला ओळखलं, पण उठले नाहीत. पुतण्यानं दोन स्टुलं आणून दिली. अप्पांनी पावसापाण्याचं काही काढलं नाही. तुमचा आक्षेप बरोबर होता, मला तेव्हाही माहीत होतं, मी तो लिहू दिला नाही, असं त्यांनी भूगोलाचा धडा सांगावा तसं क्रमानं सांगितलं. उद्या सभेत तो आक्षेप मी स्वतः वाचणार आहे, तुम्ही या, असं म्हणून हात जोडले.

चाचांनी खुर्ची अप्पांकडं वळवली.

“पुस्तकात त्यो शिकवणारा माणूस हुता न्हवं,” ते म्हणाले, “त्यो मला तुमच्यासारखा वाटायचा, मास्तर. म्हणून इचारत हुतो सारखं. त्या दिवशी कळलं, तुमी दुसरंच कुणीतरी हायसा.”

मग चाचांनी सांगितलं की त्यांनी पुतण्याकडून मोबाईलवर सगळं शोधून घेतलं होतं. साथीदार एकवीस वर्षं तुरुंगात होता. सुटल्यावर परदेशात गेला, तिथं हमालांच्या मुलांना शिकवायचा आणि तिथंच वारला. चाचा हे सगळं घरातल्या माणसाबद्दल सांगावं तसं सांगत होते.

“एकवीस,” अप्पा म्हणाले. “म्हणजे त्याला कोंडणाऱ्यांनी सुद्धा माझ्यापेक्षा पाच वर्षं आधी सोडलं.”

चाचांनी त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. राग कधीच गेलाय, म्हणाले. मास्तरांना तो माणूस देव वाटत होता, आणि देवाबद्दल कुणी वाईट ऐकून घेत नाही, हे त्यांना समजत होतं. मला वाटलं, झालं एकदाचं. मी किल्ली हातात घेतली. तेव्हा त्यांनी माझ्याकडं मान वळवली.

“तुला कुठं त्यो देव वाटत हुता, पोरी? मग तू का लिवलं न्हाईस?”

सव्वीस वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी स्वतःलाही नाही. उत्तर मात्र तोंडात तयार होतं. मी म्हटलं, “अप्पांनी सांगितलं होतं, चाचा.”

“व्हय,” ते म्हणाले. “त्या नव्या पुस्तकवाल्याला बी कुणीतरी सांगिटलंच असंल.”

रागानं नाही, टोमणा म्हणूनही नाही. एक माप बघून दुसरं माप सांगावं तसं. परत येताना गाडी चालवणं जड गेलं. अप्पांनी सांत्वन केलं नाही, हे बरं केलं.

दुसऱ्या दिवशीच्या सभेला चाचा आले नाहीत. हॉल अर्धा रिकामा होता. अप्पा उभे राहिले, जमीनवाटप, शाळा, दवाखाने सगळं त्यांनी सांगितलं, आणि ते खरंच होतं. मग त्यांनी त्या साथीदाराचं पूर्ण नाव घेतलं, एकवीस वर्षं म्हणाले, आमच्या वर्गात काय झालं ते म्हणाले, आणि आदल्या रात्री आठवून लिहून काढलेला आक्षेप वाचून दाखवला. पुढच्या रांगेतून एकजण म्हणाला की मास्तर, आजच्या दिवशी हे नको होतं. दुसरा उठून बाहेर गेला. अप्पा उभेच राहिले. टेबल धरून उभे होते. हॉलमध्ये त्यांच्या बाजूनं बोलायला कुणी नव्हतं.

अध्यक्षांना वातावरण सावरायचं होतं. त्यांनी मला पुढं बोलावलं. आपल्यात इतिहासाच्या प्राध्यापक आहेत, त्यांनी दोन शब्द बोलावेत, असं म्हणाले. मी माईकपर्यंत गेले. वही माझ्या हातची होती, हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. समोर माझे दोन सहकारी बसले होते, ओळखीची माणसं होती, मागं अप्पा टेबल धरून उभे होते. मी म्हणाले की अशा मोठ्या माणसाचं मूल्यमापन करायला अजून पुरेसा काळ गेलेला नाही, ते इतिहासच करील.

टाळ्या चांगल्या पडल्या. अप्पा खुर्ची चाचपून खाली बसले आणि सभा संपेपर्यंत त्यांनी माझ्याकडं बघितलं नाही.